हाती न आलेल्या पैशावरचा कर

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर एरवी मराठी शाळा, मतदारयादी, महापालिका असे विषय होतात. त्यामुळे आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारले, की म्युच्युअल फंडाच्या लाभांशावरचा कर हा आपल्या मंडळाचा विषय कसा? आमचे उत्तर सोपे आहे. सरकार आपल्याकडून काय घेते, कोणत्या हिशेबाने घेते आणि तो हिशेब आपल्याला समजतो का, यापेक्षा जुना राजकीय विषय दुसरा नाही. शिवाय आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे आहोत. या बाबतीत आम्ही स्वतः थोडे अपराधी आहोत, तेही आज कबूल करायचे आहे.

विवरणपत्राच्या मोसमात काचिगुड्याच्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो, हातात एक छापील कागद घेऊन आमच्यापुढे उभ्या राहिल्या. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचे ते वार्षिक माहिती विवरण होते. नातवाने काढून दिलेले. त्यात म्युच्युअल फंडाकडून १२,००० रुपये उत्पन्न आणि १,२०० रुपये टीडीएस अशी नोंद होती. (हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत.) मावशी म्हणाल्या, "अरे, माझ्या पासबुकात एक रुपया आलेला नाही. मग हे बारा हजार कोणाचे? आणि न आलेल्या पैशातून बाराशे कापले कोणी?"

आम्ही जुनी फाइल काढली. अर्जावर 'लाभांश' आणि त्यापुढे 'पुनर्गुंतवणूक' अशी खूण होती. खूण आमच्याच हाताची. त्या काळात आम्ही असे शेकडो अर्ज भरले आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितले : "लाभांश करमुक्त असतो, काळजी करू नका." ते वाक्य तेव्हा खरे होते. पुढे कायदा बदलला. वाक्य मात्र लोकांच्या डोक्यात तसेच राहिले, आणि बदलले हे सांगायला आम्ही कोणाच्या घरी गेलो नाही.

आधी ही पुनर्गुंतवणूक म्हणजे काय ते पाहू. समजा तुमच्याकडे एका योजनेची २,००० युनिटे आहेत आणि एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, ५० रुपये आहे. एकूण एक लाख. कंपनीने युनिटमागे ६ रुपये लाभांश जाहीर केला. म्हणजे १२,००० रुपये तुमचे झाले. पण हे पैसे बाहेरून आलेले नाहीत, योजनेच्या तिजोरीतूनच निघाले. म्हणून त्याच दिवशी एनएव्ही ५० वरून ४४ वर येते. तुम्ही पुनर्गुंतवणूक सांगितली असेल तर त्या १२,००० रुपयांची ४४ रुपये दराने नवीन युनिटे तुमच्या खात्यावर चढतात, सुमारे २७३. युनिटे वाढून २,२७३ झाली, किंमत पूर्वीइतकीच, एक लाख.

आपल्या हैदराबादकरांना हे कळायला अवघड नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत होता आणि इंग्रजी मुलखातला रुपया कळदार म्हणून ओळखला जाई. सर्वसाधारण भाव सहा कळदारला सात हाली असा होता. नांदेड-परभणीकडचे आपले आजोबा मुंबई-पुण्याहून कळदार आणून इथे बदलत, तेव्हा सहाचे सात व्हायचे. नाणी वाढली म्हणून कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. पुनर्गुंतवणुकीत वाढलेल्या युनिटांची गोष्ट तीच आहे.

पण आयकराच्या दृष्टीने मधल्या क्षणी एक घटना घडते. १२,००० रुपये योजनेतून निघून तुमच्या नावे झाले, आणि तुमच्याच आज्ञेने ते पुन्हा त्या योजनेत गेले. कायदा पहिल्या पायरीवर थांबून म्हणतो, हे तुमचे त्या वर्षीचे उत्पन्न. पुढे त्याचे काय केलेत तो तुमचा प्रश्न. रोख घेतलेल्याला जो कर, तोच पुन्हा गुंतवणाऱ्याला.

हे ऐकून मावशी रागावल्या. तेव्हा आम्ही त्यांना त्यांच्याच मुदत ठेवीची आठवण दिली. व्याज मुद्दलात मिळवत जाणारी पाच वर्षांची ठेव त्यांनी ठेवली आहे. पैसा पाच वर्षांनीच हाती येणार, तरी बँक दर वर्षी जमा झालेल्या व्याजावर, मर्यादेपलीकडे गेले तर, टीडीएस कापते. ते त्यांनी कधीच मान्य केले आहे. लाभांशाचे धक्कादायक वाटले याचे कारण एकच, वीस वर्षे तो करमुक्त असल्याची सवय झाली होती.

ती सवय कशी लागली, तो इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी युनिट ट्रस्टचा लाभांश उत्पन्नात धरला जाई, आणि कलम ८०एल खाली बँकेच्या व्याजासह त्याला ठरावीक रकमेपर्यंत वजावट मिळे. १९६४ साली निघालेली यूएस-६४ ही योजना आपल्या किती घरांत होती ते सांगायला नको. १९९९ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी म्युच्युअल फंडाचे उत्पन्न गुंतवणूकदाराच्या हाती करमुक्त केले आणि त्याऐवजी फंडाकडून वाटपकर घेण्याची पद्धत आणली. यूएस-६४ आणि शेअरप्रधान योजना यांना त्यातून तीन वर्षांची सूट होती. २००२-०३ या एका वर्षात लाभांश पुन्हा गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात आला. २००३ मध्ये जसवंतसिंह यांनी वाटपकराची पद्धत परत आणली. शेअरप्रधान योजनांना वाटपकर नव्हताच. तो २०१८ मध्ये अरुण जेटली यांनी १० टक्के दराने लावला. शेवटी २०२० च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी वाटपकर रद्द केला. १ एप्रिल २०२० पासून मिळालेला लाभांश, रोख असो वा पुनर्गुंतवलेला, गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या त्याच्या टप्प्याच्या दराने त्यावर कर बसतो.

पुष्कळांना वाटते, जुनी पद्धत चांगली होती, निदान कटकट नव्हती. मंडळाने "वाटपकर परत आणा" असा ठराव करावा, असेही एका सभासदांनी सुचवले आहे. आम्हाला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांनी सांगतो.

वाटपकर दिसत नव्हता, पण लागत होताच. कंपनी तो कापून उरलेले वाटत असे. २०१८ ते २०२० या काळात व्यक्तींना रोखेप्रधान योजनांवर अधिभार आणि उपकरासह हा दर २९.१२ टक्के होता. तो सर्वांना सारखाच. पेन्शनवर जगणाऱ्या मावशींनाही तोच आणि बंजारा हिल्सच्या बंगलेवाल्यालाही तोच. मावशींचे उत्पन्न करपात्र नसले तरी कापलेले परत मागायची सोय नव्हती, कारण कायद्याच्या नजरेत तो कर त्यांनी भरलेलाच नव्हता. 'करमुक्त' या गोड शब्दाखाली गरिबाच्या खिशातून सर्वांत जास्त जात होते. आणि आम्ही काउंटरवरून तोच शब्द सांगत होतो.

आता त्याच १२,००० रुपयांचे २०२५-२६ या वर्षी काय होते ते पाहा. एका फंड कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश झाला तर १० टक्के टीडीएस कापतात. २०२० मध्ये ही मर्यादा ५,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १०,००० झाली. मावशींचे १,२०० कापले गेले आणि उरलेल्या १०,८०० रुपयांची ४४ रुपयांनी सुमारे २४५ युनिटे आली. पण मावशींचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या खूप आत आहे. नव्या करप्रणालीत त्या वर्षी १२ लाखांपर्यंत टप्प्यांच्या दराने होणारा कर सवलतीने माफ होतो, आणि लाभांश हे टप्प्यांच्या दराचेच उत्पन्न आहे. म्हणजे मावशींचा कर शून्य आणि बाराशे रुपये परत. अट एकच, विवरणपत्र भरायला हवे. न भरणाऱ्याचे बाराशे सरकारजमा. म्हणून २०२० चा बदल लहान माणसाच्या बाजूचा आहे असे आम्ही म्हणतो. फक्त त्याला ते कोणी समजावून सांगितलेले नाही.

मग तक्रार काहीच नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. त्यासाठी दुसरे उदाहरण घेऊ.

हायटेक सिटीत नोकरी करणारा आपल्यातलाच एक तरुण. उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यातले. त्याला कोणीतरी सांगितले, "उद्या लाभांश जाहीर होतोय, आजच पैसे टाक, एका दिवसात बारा टक्के." त्याने आदल्या दिवशी ५० रुपयांनी २,००० युनिटे घेतली, एक लाखाची. दुसऱ्या दिवशी ६ रुपये लाभांश, पुनर्गुंतवणूक. टीडीएस जाऊन त्याच्याकडे सुमारे २,२४५ युनिटे झाली, दर ४४, म्हणजे ९८,८०० रुपये. वर्षअखेरीस १२,००० वर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ३,७४४ रुपये कर. बाराशे आधी गेलेच होते, उरलेले २,५४४ खिशातून भरायचे. या मुलाला एका दिवसात नफा किती झाला? शून्य. त्याचेच १२,००० त्याच्याकडे परत आले आणि त्यावर त्याने ३,७४४ रुपये दिले.

कोणी म्हणेल, त्याची जुनी युनिटे ५० ची ४४ झाली, तो तोटा दाखवता येईल. येईल, पण ती युनिटे विकल्यावरच. आणि तो भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, लाभांशातून होत नाही. आठ वर्षे पुढे ओढता येतो, नफा झाला तर उपयोगी, नाही तर कागदावर.

हे कसे होऊ शकते? आपण ५० रुपये देऊन युनिट घेतो तेव्हा त्या किमतीत आधीच्या लोकांच्या काळात साठलेला नफाही मोजलेला असतो. आपल्या पैशातला तो भाग फंडाच्या पुस्तकात समानीकरण राखीव निधी म्हणून वेगळा दाखवला जातो आणि लाभांश देताना त्यातूनही रक्कम काढता येते. म्हणजे नवीन माणसाने आणलेले मुद्दलच लाभांश म्हणून त्याला परत जाऊ शकते. ही गोष्ट सेबीलाही खटकली. ५ ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाने सेबीने 'लाभांश' हे नावच बदलायला लावले. १ एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचे नाव 'उत्पन्न वाटप व भांडवल परतावा' अशा अर्थाचे झाले. अर्जांवर आणि विवरणांवर 'आयडीसीडब्ल्यू' ही चार अक्षरे दिसतात, ती हीच. वाटपातला किती भाग उत्पन्नाचा आणि किती भांडवलाचा, हे खातेउताऱ्यात वेगळे दाखवायचेही बंधन घातले.

आता गंमत पाहा. एक सरकारी संस्था सांगते, यातला काही भाग तुमचे स्वतःचे भांडवल आहे, तसे लिहून द्या. आणि आयकर त्या संपूर्ण रकमेला उत्पन्न म्हणतो. सेबीच्या उताऱ्यातले 'भांडवल' आयकराच्या विवरणात पोचेपर्यंत 'उत्पन्न' होते. मुदत ठेव मोडल्यावर मुद्दलावर कोणी कर मागितला तर आपण बँकेत गोंधळ घालू. इथे मात्र आपण गप्प आहोत, कारण आपल्याला ते दिसलेच नाही.

इतर देशांत पुनर्गुंतवणुकीला सूट आहे, असेही एक मत ऐकू येते. आपल्या अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना विचारा. साध्या खात्यातल्या फंडाचा पुनर्गुंतवलेला लाभांश तिथेही त्याच वर्षीचे उत्पन्न धरतात. ब्रिटनमध्ये तर पैसे न वाटता योजनेतच साठवणाऱ्या युनिटांवरही वाटप झाले असे मानून कर लावतात. त्या मानाने आपल्याकडचा ग्रोथ पर्याय उदार आहे. त्यात वाटप होत नाही, एनएव्ही वाढत राहते आणि विकेपर्यंत कर नाही. शेअरप्रधान योजना वर्षाहून जास्त ठेवून विकली तर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यावर १२.५ टक्के. ज्याला पैसा हातात नकोच आहे, त्याने वाटप घोषित करून घेऊन तेच पुन्हा आत टाकण्यात काय साधते, याचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही.

आता घरी गेल्यावर करायची कामे सांगतो.

एक. आपले उतारे काढा आणि पर्याय कोणता लिहिला आहे ते पाहा. जुन्या अर्जात 'लाभांश' लिहून पुढचा रकाना कोरा ठेवला असेल, तर अनेक योजनांत पुनर्गुंतवणूकच धरली गेली आहे.

दोन. महिन्याच्या खर्चाला पैसे लागत नसतील तर ग्रोथचा विचार करा. पण घाई करू नका. एकाच योजनेत या पर्यायातून त्या पर्यायात जाणे ही कायद्याने विक्री आहे, त्यावर भांडवली नफा मोजला जातो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या रोखेप्रधान योजनांत तो नफा कितीही वर्षांनी टप्प्याच्या दरानेच लागतो. आधी हिशेब, मग अर्ज. पुनर्गुंतवणूक बंद करून पैसे खात्यावर मागवणे ही मात्र विक्री नाही.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. पुनर्गुंतवलेली प्रत्येक रक्कम म्हणजे नवीन खरेदी आहे. तिला स्वतःची तारीख आहे आणि स्वतःची किंमत आहे. मावशींनी मूळ युनिटे ८०,००० ला घेतली असतील आणि पुढे सगळी युनिटे विकली, तर खरेदी किंमत ८०,००० धरायची नाही. त्यात पुनर्गुंतवलेले १०,८०० मिळवून ९०,८०० धरायची. हे विसरलात तर ज्या रकमेवर लाभांश म्हणून एकदा हिशेब झाला, तीच नफा म्हणून पुन्हा मोजली जाईल. आणि विक्रीच्या वेळी शेवटच्या पुनर्गुंतवणुकीला वर्ष झाले नसेल तर तेवढी युनिटे अल्पमुदतीची ठरतात. जुने उतारे रद्दीत घालू नका.

चार. पॅन आणि आधार जोडलेले आहेत का पाहा. पॅन निष्क्रिय असेल तर दहाऐवजी वीस टक्के कापतात. ज्यांना कर लागतच नाही त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला तसे घोषणापत्र फंडाकडे द्यावे. १९६१ च्या कायद्यात आपण ते १५जी आणि १५एच म्हणून ओळखत होतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक वेगळे आहेत. तेव्हा जुना छापील कागद न वापरता चालू नमुना मागून घ्या.

शेवटी मंडळाने काय करावे? आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या खासदारांमार्फत अर्थमंत्र्यांकडे एक निवेदन जावे : खातेउताऱ्यात जी रक्कम भांडवल परतावा म्हणून दाखवली आहे तिच्यावर उत्पन्न म्हणून कर लावू नये, ती खरेदी किमतीतून वजा करावी आणि विक्रीच्या वेळी हिशेबात घ्यावी. यात सरकारचा कर बुडत नाही, योग्य वेळी लागतो. पुनर्गुंतवणुकीला सरसकट माफी मात्र आपण मागू नये. ती मागितली तर औषधपाण्यासाठी लाभांश रोख घेणारी विधवा कर भरेल आणि ज्याला पैशाची गरज नाही तो पुन्हा गुंतवून सुटेल. असा ठराव आपल्या मंडळाला शोभणार नाही.

दुसरी सूचना, हे अर्ज आणि उतारे लोकांना त्यांच्या भाषेत मिळावेत. इथे आपल्याला मराठी मिळणार नाही हे खरे. पण शेजारच्या तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या माणसालाही 'आयडीसीडब्ल्यू' कळत नाही, त्याची अडचण आपलीच आहे. त्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन मागणी केली तर तिला वजन येईल.

मावशींचे विवरणपत्र आम्ही तिघांनी मिळून भरले. बाराशे रुपये परत आले. त्या पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता त्या अर्जावर मी सांगेन तिथेच खूण करायची." आम्ही मान्य केले. आमच्या हातच्या अशा शेकडो खुणा अजून जुन्या फायलींत आहेत. त्यातली एखादी तुमची असेल तर पुढच्या रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात उतारे घेऊन या. आम्ही चौघे तिथे बसणार आहोत. फी नाही. हिशेब पुन्हा मांडू. चूकभूल द्यावी घ्यावी, असे जुने लोक वहीत लिहीत. आमच्याकडून झालेली चूक दुरुस्त करायला आम्ही बसलो आहोत.